दहा महिने, 38 सामने, एक फोन: वापरानंतरचा अनुभव

हा फोन मी 2023च्या ऑगस्टमध्ये घेतला, आर्सेनल या माझ्या लंडनच्या फुटबॉल संघाचा लीग हंगाम सुरू व्हायला चार दिवस असताना. आता मे संपत आलाय. मधल्या काळात त्यावर फोटो काढले, हिशेब ठेवले, कामाचे ढीगभर निरोप पाठवले; पण खरं सांगायचं तर तो घेतला होता सामने बघायला. घरातला टीव्ही माझ्या एकटीचा नाही आणि हंगामातले 38 सामने त्यावर मागण्याइतकं माझं घरात वजनही नाही. तेव्हा हे सगळं त्याच नजरेने लिहिलंय असं समजा. कंपनीचं नाव मुद्दाम गाळलंय, कारण पुढे थोडं वाकडं बोलायचंय. मधल्या दर्जाचा अँड्रॉइड, 6.7 इंची ओलेड स्क्रीन, 120 हर्ट्झ रिफ्रेश रेट (म्हणजे स्क्रीन सेकंदाला 120 वेळा चित्र नव्याने दाखवते), 5000 एमएएच बॅटरी, एवढं कळलं तरी पुरे.

जुना फोन बिघडला नव्हता, हे आधीच कबूल करते. त्याच महिन्यात आर्सेनलने ॲरन रॅम्सडेलसारखा बरा चाललेला गोलकीपर असताना ब्रेंटफर्डकडून डेव्हिड राया उसना आणला. "चाललंय ते कशाला मोडायचं?" असं मी चारचौघांत ठणकावून विचारत होते, हातात कोरा करकरीत फोन धरून. धाकट्या भावाने तेवढं बरोबर टिपलं. तो लिव्हरपूलवाला, म्हणजे प्रतिस्पर्धी संघाचा; त्याला असली संधी हवीच असते.

फोन बदलायचं खरं कारण आदल्या हंगामात होतं. 2022-23 मध्ये आर्सेनल 248 दिवस गुणतक्त्यात पहिलं राहिलं आणि तरीही लीग मँचेस्टर सिटीने नेली. इतके दिवस वर राहून हुकलेला दुसरा संघ इंग्लंडच्या लीगमध्ये झालेला नाही. एप्रिलमध्ये लिव्हरपूल, वेस्ट हॅम आणि साउथॅम्प्टनशी लागोपाठ बरोबऱ्या झाल्या, त्या मी जुन्या फोनच्या तडा गेलेल्या स्क्रीनवर पाहिल्या. दोष फोनचा नव्हता, हे मलाही कळतं. पण 2004 पासून लीग न जिंकलेल्या संघाच्या मागे असलेल्या माणसाला अपशकुन कुठेही दिसतात. नवा हंगाम, डेक्लन राइससाठी साडेदहा कोटी पौंडांपर्यंत जाणारा सौदा, काई हावर्ट्झ, युरिएन टिंबर. सगळं नवं येत होतं, मग मीच का मागे राहू?

पहिल्याच दिवशी नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्धचा सामना अर्धा तास उशिरा सुरू झाला, कारण मैदानाच्या दारांवर ई-तिकिटं वाचणारी यंत्रणा अडली होती. हजारो माणसं हातात फोन धरून बाहेर उभी. मी माझ्या फोनकडे जरा संशयानेच पाहिलं. सामना 2-1 जिंकला, पण टिंबरचा गुडघा गेला आणि त्याचा जवळजवळ अख्खा हंगाम तिथेच संपला.

आता स्क्रीनबद्दल, कारण यावर मी सगळ्यात जास्त डोकं घातलंय. हिरवं मैदान ओलेडवर सुंदर दिसतं, त्यात वाद नाही. पण पहिल्या आठवड्यापासून काहीतरी खुपत होतं. कॅमेरा एका गोलकडून दुसऱ्याकडे फिरायला लागला की चित्र बारीक बारीक धक्के खाई. चेंडू सरकण्याऐवजी टिचक्या मारल्यासारखा पुढे जाई. मला वाटलं इंटरनेट. राउटर बदलून पाहिला, खोली बदलली, तरी तेच. शेवटी कारण सापडलं ते गणिताचं. ब्रिटनमधलं प्रक्षेपण सेकंदाला 50 फ्रेमचं असतं. माझा फोन 120 हर्ट्झचा असला तरी व्हिडिओ ॲप उघडलं की बॅटरी वाचवायला गुपचूप 60 वर येत होता. 50 फ्रेम 60 खणांत बसवायच्या तर दर पाचातली एक फ्रेम दोनदा दाखवावी लागते, म्हणजे सेकंदाला दहा अडखळे. 120 वरही भागाकार नीट जात नाही, पण तिथे फ्रेम दोन किंवा तीन खण थांबते आणि डोळ्याला तो फरक फारसा कळत नाही. खोक्यावर 120 हा आकडा केवढा मोठा छापलाय! तो सामन्याच्या वेळी वापरला जात नाही, हे मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं. तक्रार केली तर "फोन रीस्टार्ट करून पाहा" असं उत्तर आलं. दुसऱ्यांदा केली, तेव्हाही तेच. डिसेंबरच्या शेवटी आलेल्या अपडेटनंतर ॲपनिहाय 120 ठरवायची सोय मिळाली आणि धक्के जवळजवळ गेले. म्हणजे चार महिने मी अर्धाच फोन वापरत होते.

दुसरी गोष्ट उशिराची. यात फोनची चूक नाही, पण नवा फोन घेतल्यावर ती जास्त बोचते. थेट प्रक्षेपण इंटरनेटवरून येतं तेव्हा त्याचे काही सेकंदांचे तुकडे पाडलेले असतात, आणि अडू नये म्हणून ॲप असे काही तुकडे साठवून मगच चालवायला घेतं. त्यामुळे मी बघते तो सामना मैदानावरच्या सामन्यापेक्षा सहज अर्धा मिनिट मागे असतो. गोलची सूचना मात्र चिमूटभर मजकुराची, ती क्षणात येऊन थडकते. सुरुवातीला माझ्या फोनवर या सूचना येतच नव्हत्या. बॅटरी वाचवण्याच्या नावाखाली तो स्कोअरच्या ॲपला झोपवून टाकायचा आणि सामना संपल्यावर चारही गोल एकदम सांगायचा. मी सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपला बॅटरीच्या निर्बंधांतून वगळलं. इलाज इतका लागू पडला की रोगच बरा म्हणायची वेळ आली.

5 डिसेंबर, ल्यूटनविरुद्ध. 3-3, भरपाई वेळही संपत आलेली, मी श्वास धरून बसलेली. तेवढ्यात वरून पट्टी उतरली: आर्सेनल 4. माझ्या स्क्रीनवर चेंडू अजून आपल्याच अर्ध्यात होता. मग पुढची तीस सेकंदं मी एखाद्या सरकारी कर्मचाऱ्यासारखी त्या गोलच्या अंमलबजावणीची वाट पाहिली. 97व्या मिनिटाला राइसने डोक्याने मारलेला तो गोल हंगामातल्या सर्वांत वेड्या क्षणांपैकी एक, आणि मी तो जागेवरून न उठता पाहिला. त्या रात्री सगळ्या सूचना बंद केल्या. भावाचे निरोपही सामन्यापुरते गप्प केले. त्याला राग आला, येऊ दे.

झूमबद्दल थोडं. 4 नोव्हेंबरला न्यूकॅसलच्या अँथनी गॉर्डनचा गोल तीन वेगवेगळ्या कारणांसाठी तपासला गेला: चेंडू रेषेबाहेर गेला होता का, फाऊल होता का, ऑफसाईड होता का. गोल ग्राह्य धरला गेला आणि आर्सेनल 0-1 हरलं. मी दोन बोटांनी स्क्रीन ताणून ताणून रेषा शोधत होते. स्क्रीन कितीही चांगली असो, आलेल्या चित्रात जे नाही ते ती दाखवू शकत नाही; रेषेजवळ फक्त हिरवट-पांढरे चौकोन दिसले. 28 डिसेंबरला वेस्ट हॅमच्या पहिल्या गोलआधी पुन्हा तोच प्रश्न, चेंडू बाहेर की आत, आणि व्हीएआरकडेही, म्हणजे व्हिडिओ पाहून निर्णय तपासणाऱ्या पंचांकडेही, ठाम सांगणारं चित्र नव्हतं. तेव्हा त्यांचे एवढे कॅमेरे जिथे थकले, तिथे माझ्या फोनला मी माफ केलं. पंचांना अजून नाही.

बॅटरी चांगली आहे. वायफायवर पूर्ण सामन्याला साधारण 14 टक्के जाते, मोबाईल डेटावर सिग्नल कमकुवत असेल तर 25 च्या पुढे. चार्जिंगला लावून सामना बघू नका. फोन तापतो, तापला की स्वतःच प्रकाश कमी करतो, आणि लिथियम बॅटरीला उष्णतेइतकं दुसरं काही म्हातारं करत नाही. मी 80 टक्क्यांची मर्यादा लावून ठेवलीय. दहा महिन्यांनी फोन स्वतःची क्षमता 95 टक्के सांगतो. कोपऱ्यातल्या गुणफलकाचा डाग ओलेडवर उमटेल अशी भीती होती. करडं चित्र लावून तपासलं, अजून तरी काही नाही. स्पीकरमधून साठ हजार माणसांचा आवाज पत्र्यावरच्या पावसासारखा येतो. कॅमेरा ठीक.

पण हा अनुभव मी पहिल्या महिन्यात लिहिला असता तर काय लिहिलं असतं? स्क्रीन धक्के खाते, घेऊ नका. आणि हावर्ट्झबद्दल? सप्टेंबरच्या शेवटच्या दिवशी बोर्नमथविरुद्ध सहकाऱ्यांनी पेनल्टी त्याच्या हातात दिली, तेव्हा कुठे त्याचा पहिला गोल झाला. मी लिहिलं असतं: पैसे पाण्यात. त्याच हावर्ट्झने लीगमध्ये 13 गोल केले. राया 16 सामन्यांत गोल न खाता गोल्डन ग्लोव्ह या गोलकीपरच्या पुरस्काराचा मानकरी ठरला. विल्यम सलीबा, ज्याच्या पाठीच्या दुखापतीने आदल्या वर्षी घात केला होता, तो यंदा लीगच्या 38 सामन्यांतलं एकही मिनिट चुकला नाही. फोनचंही तसंच, जानेवारीपासून तो एकदाही अडला नाही. जानेवारीपासून आर्सेनलने लीगच्या 18 सामन्यांत 16 जिंकले, वेस्ट हॅमला त्यांच्याच मैदानावर सहा गोल घातले, चेल्सीला पाच. 120 हर्ट्झवर पाहिलं मी ते, डोळे निवले.

म्हणून आधीचं सगळं विसरायचं का? इथे माझं आणि भावाचं पटत नाही. त्याच्या मते आज फोन चांगला चालतोय ना, मग लिही चांगला. मी म्हणते, डिसेंबरअखेर वेस्ट हॅमकडून आणि मग फुलहॅमकडून हरलो, नाताळला पहिला असलेला संघ वर्ष संपताना चौथा झाला, ते गुण नंतर कुठल्या अपडेटमध्ये परत आले? शेवटी सिटीचे 91 आणि आपले 89. फरक दोनच गुणांचा. ज्यांनी उशिरा दुरुस्त केलं त्यांचं कौतुक आहे, पण उशीर तो उशीर.

एप्रिलच्या 14 तारखेचं त्याच्यासाठी लिहून ठेवते. दुपारी लिव्हरपूल घरच्या मैदानावर क्रिस्टल पॅलेसकडून हरलं, आणि मी त्याला हसऱ्या चेहऱ्यांची रांग पाठवली. त्यानंतरच्या सामन्यात ॲस्टन व्हिलाने 84व्या आणि 87व्या मिनिटाला गोल करून आम्हालाही घरीच गाडलं. त्याचा एकच निरोप आला: "ताई, नेट चालतंय ना?"

आणि 14 मे. टॉटनहॅम विरुद्ध सिटी. आर्सेनलच्या माणसाने टॉटनहॅम हा कट्टर वैरी जिंकावा म्हणून देव पाण्यात घालायचे, असा दिवस आयुष्यात येईल असं वाटलं नव्हतं. सिटी 1-0 पुढे, 86वं मिनिट, आणि टॉटनहॅमचा सॉन एकटाच गोलकीपरसमोर. सूचना बंद, निरोप बंद, चित्र स्वच्छ, एकही धक्का नाही. सिटीचा गोलकीपर एडरसनच्या जागी आलेल्या ऑर्टेगाचा पाय चेंडूला लागताना मला इतका स्पष्ट दिसला की क्षणभर वाटलं, जुनाच फोन बरा होता. निदान तिथे चौकोन तरी दिसले असते.

शेवटच्या दिवशी दोन सामने एकाच वेळी, म्हणून जुना फोन खणातून काढला. नव्यावर आर्सेनल-एव्हर्टन, जुन्यावर सिटी-वेस्ट हॅम, दोन्ही उशांना टेकवून. तडा गेलेल्या स्क्रीनवर दुसऱ्याच मिनिटाला सिटीच्या फोडेनचा गोल झाला. मी जुना फोन पालथा घातला आणि दहा मिनिटांनी पुन्हा सरळ केला. मग फोडेनचाच दुसरा. वेस्ट हॅमने एक फेडला तेव्हा तो उचलून जवळ घेतला, आणि मध्यंतरानंतर सिटीच्या रॉड्रीने तिसरा केल्यावर परत पालथा. 89व्या मिनिटाला हावर्ट्झने आम्हाला 2-1 ने जिंकून दिलं. नव्या फोनवर मैदान उसळलं. जुन्याची बॅटरी तोवर चार टक्क्यांवर आली होती.

तर गुण: पाचपैकी चार. अर्धा गुण त्या चार महिन्यांचा कापलाय, अर्धा "रीस्टार्ट करून पाहा"चा. घ्यायचा असेल तर घ्या, पण घेतल्या दिवशी व्हिडिओ ॲपचा रिफ्रेश रेट तपासा आणि स्कोअरच्या सूचना आधी बंद करा. कंपनी याचीच पुढची आवृत्ती आणतेय म्हणे. मी बदलणार नाही, हा अजून निदान दोन हंगाम काढेल. तेवढ्यात लीग जिंकणं व्हायलाच हवं. यंदा 89 गुण होते, त्याच्या आधी 84. चढताच क्रम आहे, बघा.

सूचना सगळ्या बंदच आहेत. एक मात्र काल चालू केली, नव्या हंगामाचं वेळापत्रक जाहीर झाल्याची. ती अर्धा मिनिट आधी आली तरी चालेल.