ऑटोकॅड सोडून दुसरीकडे जाताना: स्नॅप आणि अलाइनमेंटच्या नजरेतून चार पर्याय

नवं ड्राफ्टिंग सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं की चर्चा होते ती किमतीची आणि जुन्या फायली उघडतील का याची. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण ज्याला दिवसभर प्लॅन काढायचे आहेत, त्याचा हात अडतो तो कोपरा पकडताना, दोन कॉलम एका रेषेत आणताना, तिरप्या हद्दीला समांतर भिंत ओढताना. लाइन, ट्रिम, ऑफसेट या कमांड लवकर सापडतात, कारण त्यांना नाव आहे, आयकॉन आहे. स्नॅप, म्हणजे कर्सरने नेमका बिंदू आपोआप पकडणं, मात्र बोटांत बसलेला असतो. मुरलेल्या ड्राफ्ट्समनला विचारा, की तू एफ३, म्हणजे स्नॅप चालू-बंद करायची कळ, नेमकी कधी दाबतोस. त्याला पटकन सांगता येणार नाही.

म्हणून ही तुलना त्या एकाच अंगाने केली आहे. तुम्ही आज ऑटोकॅडवर आहात, छोट्या आर्किटेक्ट किंवा सिव्हिल ऑफिसात काम करता आणि समोर ब्रिक्सकॅड, लिब्रेकॅड, स्केचअप आणि फ्रीकॅड हे पर्याय आहेत, असं धरून चाललो आहे. पारखायला तीन कामं घेऊ. खोलीच्या आतल्या कोपऱ्यापासून ११५ मिमी सोडून दरवाजा सुरू करायचा. एका कॉलमच्या आडव्या आणि दुसऱ्याच्या उभ्या रेषेत तिसरा कॉलम बसवायचा. आणि प्लॉटच्या तिरप्या हद्दीला समांतर भिंत ओढायची.

आधी आपल्या हाताची सवय तपासा

ऑटोकॅडवर काम करणारे ज्याला सरसकट ‘स्नॅप’ म्हणतात, त्यात खरं तर तीन वेगळ्या गोष्टी आहेत. एफ३चा ऑब्जेक्ट स्नॅप बिंदू पकडतो: टोक, मध्य, छेद, केंद्र. एफ८चा ऑर्थो आणि एफ१०चं पोलर दिशा धरून ठेवतात. ही दोन्ही एका वेळी चालू राहत नाहीत. आणि एफ११चं ऑब्जेक्ट स्नॅप ट्रॅकिंग क्लिक न केलेल्या बिंदूशीही तुम्हाला जुळवून देतं. चौथा एफ९चा ग्रिड स्नॅप इमारतीच्या कामात क्वचितच लागतो. चुकून दाबला गेला की कर्सर उड्या मारायला लागतो, एवढीच त्याची ओळख.

यातलं ट्रॅकिंग सर्वांत मोलाचं. पहिल्या कामात लाइन कमांड देऊन कर्सर कोपऱ्यावर नुसता टेकवायचा, छोटं अधिकचं चिन्ह उमटलं की भिंतीच्या दिशेने सरकायचं, ११५ टाइप करून एंटर. एकही जादा रेष नाही, पुसापुशी नाही. दुसऱ्या कामात दोन्ही कॉलमच्या केंद्रांना कर्सर टेकवला की तुटक रेषा जिथे छेदतात तिथे क्लिक. ही सोय ऑटोकॅड २०००पासून आहे, तरी कितीतरी लोक अजून मदतीच्या रेषा ओढून मग पुसतात.

तुम्ही या दोनपैकी कोणत्या गटात आहात, यावर पुढचा निर्णय मोठ्या प्रमाणात ठरेल. एफ११वर अवलंबून असाल, तर काही पर्यायांत तुमचा वेग उघडपणे कमी होईल. मदतीच्या रेषांची सवय असेल, तर बदल तितका जाणवणार नाही.

ब्रिक्सकॅड: शिकण्यासारखं थोडंच

बेल्जियममधल्या ब्रिक्सिस कंपनीचं हे सॉफ्टवेअर थेट डीडब्ल्यूजीवर, म्हणजे ऑटोकॅडच्याच फाइल-प्रकारावर, चालतं. एफ३, एफ८, एफ१०, एफ११ जागच्या जागी आहेत. ऑब्जेक्ट स्नॅपला इथे एन्टिटी स्नॅप म्हणतात, इतकाच फरक. कमांड चालू असताना ‘मिड’ किंवा ‘पर’ टाइप करून एकदाच लागणारा स्नॅप मागवण्याची सवयही चालते. तिन्ही कामं ऑटोकॅडसारखीच होतात, म्हणून त्यावर जास्त लिहायची गरज नाही.

एक सूचना तेवढी महत्त्वाची. ऑफिसातल्या जुन्या लिस्प फायली (नेहमीची कामं आपोआप करणारे छोटे प्रोग्राम) ब्रिक्सकॅडमध्येही चालवता येतात, आणि त्यांच्यासोबत त्यांचे जुने दोषही येतात. बरेच लिस्प रूटीन सुरुवातीला ऑसमोड ही सेटिंग शून्य करतात, म्हणजे सगळे चालू स्नॅप बंद करतात, आणि शेवटी परत लावतात. मध्येच एस्केप दाबलं आणि रूटीनमध्ये त्याची तजवीज नसली, तर स्नॅप बंदच राहतात. मग ‘या सॉफ्टवेअरचा स्नॅप बिघडला’ अशी तक्रार सुरू होते. नवीन सॉफ्टवेअरला दोष देण्याआधी ऑसमोडची किंमत बघावी.

ब्रिक्सकॅड कायमस्वरूपी परवान्यावरही मिळतं. ऑटोडेस्कने २०१६ पासून ऑटोकॅडचे नवे कायमस्वरूपी परवाने विकणं थांबवलं, त्यामुळे दरवर्षीच्या भाड्याला कंटाळून बाहेर पडणाऱ्यांना हा पर्याय सर्वांत कमी त्रासाचा आहे.

लिब्रेकॅड: मोफत, पण ट्रॅकिंगविना

लिब्रेकॅड क्यूकॅडच्या मुक्त आवृत्तीतून निघालं. ते पूर्णपणे टूडी आहे, हलकं आहे, जुन्या कॉम्प्युटरवरही चालतं. स्नॅपची बटणं समोरच मांडलेली असतात: टोक, मध्य, केंद्र, छेद, वस्तूवर, अंतरावर. आडवं, उभं किंवा दोन्ही असं दिशेचं बंधन वेगळ्या बटणांनी लागतं. नवशिक्याला हे फार सोयीचं, कारण काय चालू आहे ते डोळ्यांसमोर दिसतं.

ऑटोकॅडवाल्याला इथे एक नवी कल्पना आत्मसात करावी लागते: रिलेटिव्ह झिरो. पडद्यावर एक चल शून्यबिंदू असतो आणि @ लावून दिलेली मापं त्याच्यापासून मोजली जातात. पहिलं काम असं होतं: शून्यबिंदू कोपऱ्यावर ठेवायचा, मग @११५,० द्यायचं. ऑटोकॅडमध्ये ज्यांनी ‘फ्रॉम’ कमांड मनापासून वापरली आहे, त्यांना हे लगेच जमतं. हा बिंदू कुलूपबंदही करता येतो. एकाच कोपऱ्यापासून अनेक मापं टाकायची असतील, तर ही सोय उत्तम आहे.

दुसरं काम मात्र जड जातं. तुटक रेषांचा छेद इथे आपोआप मिळत नाही. मदतीच्या रेषा एका कन्स्ट्रक्शन लेअरवर ठेवाव्या लागतात. त्या लेअरवरच्या रेषा दोन्हीकडे अमर्याद धरल्या जातात आणि प्रिंटमध्ये येत नाहीत. पद्धत स्वच्छ आहे, पण प्रत्येक अलाइनमेंटला दोन रेषा जास्त. तिसऱ्या कामाला समांतर रेषेची स्वतंत्र कमांड आहे, ती ठरावीक अंतरावर किंवा दिलेल्या बिंदूतून रेष काढते.

डीडब्ल्यूजी वाचण्याची क्षमता अर्धवट आहे आणि लिहिण्याची नाही, काम डीएक्सएफ या दुसऱ्या फाइल-प्रकारात जतन होतं. सल्लागार, स्ट्रक्चरल इंजिनिअर यांच्याशी रोज डीडब्ल्यूजीची देवाणघेवाण असेल, तर स्नॅपचा विचार करण्याआधीच हा पर्याय बाद होतो. एकट्याने छोटी कामं करणारे, पॉलिटेक्निकचे विद्यार्थी, फॅब्रिकेशनची साधी ड्रॉइंग काढणारे यांच्यासाठी तो पुरेसा आहे.

स्केचअप: इथे सॉफ्टवेअर आधी बोलतं

स्केचअपमध्ये सवय मुळापासून बदलते. स्नॅप निवडायची यादीच नाही. कर्सर फिरतो तसं सॉफ्टवेअर स्वतः अंदाज बांधतं आणि रंगांतून सांगतं. हिरवा ठिपका म्हणजे टोक, निळसर म्हणजे मध्य. रेष लाल, हिरवी किंवा निळी झाली की ती त्या अक्षाला धरून आहे. गुलाबी-जांभळी झाली की एखाद्या कडेला समांतर किंवा लंब आहे. ऑटोकॅडमध्ये तुम्ही आधी सांगता आणि कर्सर पाळतो. इथे कर्सर सुचवतो आणि तुम्ही मान्य करता.

म्हणून इथलं खरं कौशल्य मान्य करण्यात, म्हणजे कुलूप लावण्यात आहे. उजवा बाण लाल अक्षाला, डावा हिरव्याला, वरचा निळ्याला बांधतो. खालचा बाण समोरच्या कडेला समांतर किंवा लंब दिशा धरतो. हवा तो रंग दिसताच शिफ्ट दाबून धरली की तोच टिकून राहतो. हे चार बाण पहिल्याच दिवशी पाठ करावेत. ते न शिकता सुरुवात केली, की डोळ्यांना जुळलेली दिसणारी रेष प्रत्यक्षात मागच्या भिंतीवर जाऊन टेकलेली असते, आणि मॉडेल फिरवल्यावरच कळतं.

तिसरं काम, तिरप्या हद्दीला समांतर भिंत, चौघांत सर्वांत सहज इथेच होतं. कडेवर कर्सर टेकवा, खालचा बाण दाबा, ओढा. ऑटोकॅडमध्ये त्यासाठी पॅरलल स्नॅपशी झगडावं लागतं किंवा यूसीएस, म्हणजे कामाचे अक्ष, फिरवावे लागतात. पहिल्या कामाला मात्र टेप मेजरने ११५वर गाइड ओढावी लागते, आणि दुसरं काम थ्रीडी दृश्यात नाजूक आहे. वरून पाहणारा टॉप व्ह्यू आणि पॅरलल प्रोजेक्शन लावून केलं तर बरं जमतं.

दोन गोष्टी सुरुवातीलाच बघून घ्या. मॉडेल इन्फोच्या युनिट्समध्ये लेंग्थ स्नॅपिंग नावाची खूण असते, ती काढा. ती चालू असताना हाताने ओढलेली लांबी ठरावीक टप्प्यांत गोल केली जाते, आणि कोपरे मिलिमीटरभर चुकतात. दुसरं, सर्व्हेचं डीडब्ल्यूजी आणलं की ते मूळबिंदूपासून कित्येक किलोमीटर दूर असू शकतं. तिथे स्केचअपचा अंदाज आणि दृश्य दोन्ही गडबडतात. आणण्याआधीच ड्रॉइंग मूळबिंदूजवळ हलवा.

संकल्पना, फर्निचर, इंटिरिअर यासाठी स्केचअपची ही पद्धत मला मनापासून आवडते. अलाइनमेंट डोळ्यांनी समजते, मुलं पटकन शिकतात. पण मंजुरीचे नकाशे आणि वर्किंग ड्रॉइंग फक्त त्यातून काढायचं ठरवू नये.

फ्रीकॅड: नातं लिहून ठेवायचं

फ्रीकॅडची १.० आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली. त्यात अलाइनमेंटच्या दोन वेगळ्या दुनिया आहेत. ड्राफ्ट वर्कबेंच या साधनांच्या संचात ओळखीचा स्नॅप टूलबार मिळतो: टोक, मध्य, लंब, विस्तार, समांतर. ऑटोकॅडवाल्याने तिथून सुरुवात करावी.

स्केचर ही दुसरी दुनिया आहे, आणि फ्रीकॅड निवडायचं असेल तर कारण तेच असावं. तिथे अंदाजे रेष काढायची, मग अटी घालायच्या: ही आडवी, ही त्या रेषेला समांतर, हे टोक कोपऱ्यापासून ११५वर. स्नॅप क्लिक होताना काम करतो आणि विसरतो. अट मात्र टिकते. उद्या ११५चं २३० झालं की एक आकडा बदलला, बाकी सगळं आपोआप सरकतं. सगळ्या अटी पूर्ण झाल्या की आकृती हिरवी होते, एखादी मोकळी राहिली तर तसं कळतं.

कपाट, ब्रॅकेट, ग्रिलची चौकट अशा मापं वारंवार बदलणाऱ्या वस्तूंना हे अतिशय योग्य आहे. चार फ्लॅटच्या मजल्याचा प्लॅन एकाच स्केचमध्ये अटींनी बांधायला गेलात, तर अटी शेकड्यांत जातात आणि सॉफ्टवेअर मंदावतं. डीडब्ल्यूजीसाठी वेगळा कन्व्हर्टर बसवावा लागतो, हेही लक्षात असू द्या.

कुठेही गेलात तरी जिथे पैसे अडकतात

महाराष्ट्रातल्या बऱ्याच महापालिकांत बांधकाम नकाशे संगणकावर तपासले जातात, आणि त्यासाठी प्लॉटची हद्द, बांधकाम क्षेत्र हे ठरलेल्या लेअरवर बंद पॉलीलाइनने (सलग जोडलेल्या रेषांच्या बंद आकृतीने) द्यावं लागतं. म्हणजे स्नॅपची चूक थेट क्षेत्रफळात उतरते. त्यातली सर्वांत सामान्य चूक म्हणजे ‘निअरेस्ट’ कायम चालू ठेवणं. तो रेषेवरचा कोणताही बिंदू पकडतो, कोपऱ्याच्या दोन मिलिमीटर अलीकडचाही. पडद्यावर कोपरा जुळलेला दिसतो, पॉलीलाइन मात्र उघडी राहते. टोक, मध्य, छेद आणि लंब एवढे कायम चालू ठेवून बाकीचे गरजेपुरते मागवणं हा माझ्या मते ऑटोकॅड आणि ब्रिक्सकॅडसाठी सर्वांत सुरक्षित नियम आहे. एकाच जागी दोन बिंदू जवळ आले, तर ऑटोकॅडमध्ये टॅब दाबून एकेक निवडता येतो.

दुसरी चूक उंचीची. टोटल स्टेशन या मोजणीच्या यंत्राने केलेल्या सर्व्हेत बिंदूंना झेड, म्हणजे उंचीची, किंमत असते. वरून सरळ दिसणारी रेष अशा बिंदूला स्नॅप केली की तिरकी चढते आणि लांबी चुकीची दाखवते. ऑटोकॅडमध्ये ऑसनॅपझेड ही सेटिंग १ केली की स्नॅप झालेल्या बिंदूची झेड किंमत बाजूला ठेवून चालू पातळीचीच धरली जाते. ब्रिक्सकॅड वापरणार असाल, तर आधी एका सर्व्हे फाइलवर हे तपासून घ्या.

निर्णय घेण्यासाठी ऑफिसातलं चालू काम सोडून एक पूर्ण झालेलं ड्रॉइंग घ्या, त्यात तिरपी हद्द असू द्या, आणि तेच प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा काढा. ब्रिक्सकॅडची चाचणी आवृत्ती मिळते, लिब्रेकॅड आणि फ्रीकॅड मोफत आहेत, स्केचअपची वेबवरची मोफत आवृत्ती अंदाज घ्यायला पुरते. ऑफिसात सर्वांत वेगाने काम करणाऱ्याला आणि नुकतंच लागलेल्या मुलाला, दोघांनाही बसवा. वेगवान हात ब्रिक्सकॅडकडे झुकेल आणि नवा मुलगा बहुधा स्केचअप किंवा लिब्रेकॅडमध्ये रमेल. दोघांच्या मतात फरक पडला, तर मंजुरीच्या नकाशांवर ज्याचे तास जास्त जातात त्याचं ऐका, आणि त्याने काढलेल्या हद्दीची पॉलीलाइन बंद आहे का, हे प्रॉपर्टीजमध्ये स्वतः उघडून बघा.