‘डावखुऱ्यांसाठी’ विकली जाणारी नितो शिनाईंची जोडी

केंदोमध्ये, म्हणजे जपानी तलवारबाजीच्या खेळात, दोन तलवारींनी, म्हणजेच नितो पद्धतीने खेळण्यासाठी एका जपानी विक्रेत्याकडून मागवलेली शिनाईंची, म्हणजे बांबूच्या तलवारींची, जोडी गेले काही महिने मी नियमित वापरत आहे. त्यातली लांब ती दाइतो आणि आखूड ती शोतो. विक्रेत्याने ही जोडी ‘डावखुऱ्यांसाठी’ म्हणून मांडली होती, आणि मी स्वतः डावखुरा असलो तरी तो मथळा निरर्थक आहे असेच मला वाटते. बांबूच्या चार पट्ट्यांच्या शिनाईला डावी-उजवी बाजू नसते; दोरी असलेली बाजू ही पाठ आणि तिच्या समोरची धार, एवढाच भेद. दाइतो उजव्या हातात आणि शोतो डाव्या हातात धरली की सेइ-नितो, हात बदलले की ग्याकु-नितो. दोन्हींसाठी हीच जोडी चालते.

मुळात पारंपरिक जपानी तलवारबाजीत डावखुऱ्यासाठी वेगळी वाट जवळजवळ नाहीच. म्यान डाव्या कमरेला असल्यामुळे तलवार उजव्या हातानेच उपसायची आणि ती दोन्ही हातांनी धरताना उजवा हात त्सुबापाशी, म्हणजे हाताचे रक्षण करणाऱ्या चकतीपाशी, आणि डावा मुठीच्या टोकाशी ठेवायचा. असे असले तरी केंदोतल्या प्रहाराचा मुख्य आधार तोच डावा हात असतो. त्यामुळे जोदान पवित्र्यातून, म्हणजे शिनाई डोक्यावर उचलून धरलेल्या स्थितीतून, एकट्या डाव्या हाताने मारण्याची सवय असलेल्या उजव्या हाताच्या खेळाडूलाही ग्याकु-नितो सहज जमू शकते, ती डावखुऱ्यांची मक्तेदारी नव्हे.

खरा कस वजनाचा आहे. प्रौढ पुरुषांच्या नेहमीच्या शिनाईला नियमानुसार 120 सेंमीपर्यंत लांबी आणि किमान 510 ग्रॅम वजन लागते. नितोमध्ये दाइतो 114 सेंमीपर्यंत व किमान 440 ग्रॅम, तर शोतो 62 सेंमीपर्यंत व 280 ते 300 ग्रॅम असावी लागते. महिलांसाठी हेच आकडे 400 आणि 250 ते 280 ग्रॅम आहेत. ही सगळी वजने त्सुबा वगळून मोजतात. माझी दाइतो 455 ग्रॅम भरली, शोतो 291. शोतोचे वजन दोन्ही बाजूंनी बांधलेले असल्यामुळे तिथला नेमकेपणा मला विशेष आवडला. दाइतो त्सुबाजवळ फुगीर घडणीची आहे, त्यामुळे तिचा भार हाताकडे राहतो आणि टोक एका हाताने उचलणे व मारल्यावर आवरणे शक्य होते. प्रसिद्ध जपानी तलवारबाज मियामोतो मुसाशीने 1645 मधील मृत्यूपूर्वी लिहून ठेवले होते की लांब तलवार एका हाताने चालवणे सुरुवातीला सगळ्यांनाच जड जाते आणि सरावाने बळ येते. हे पटते, पण चुकीच्या तोलाच्या शिनाईने मनगट आधी दुखावते.

शोतोच्या मुठीचे चामडे मात्र सैल बसवलेले आहे आणि वळल्यावर ते हातात फिरते. हा दोष किरकोळ मानता येणार नाही, कारण शोतोचे मुख्य काम प्रतिस्पर्ध्याची शिनाई दाबणे आणि अडवणे हे आहे. दाइतोने समोरची शिनाई पूर्ण रोखून हात सरळ ताणून मारलेला शोतोचा फटकाच गुणास पात्र ठरू शकतो. मूठ फिरली तर यातले काहीच नीट होत नाही. चामडे काढून आखूड करून पुन्हा शिवून घेतल्यावर काम भागले, तरी या किमतीला ते करावे लागायला नको होते.

नितेन इचि-र्यू, म्हणजे मुसाशीची पारंपरिक तलवारबाजीची शाळा, शिकणाऱ्याने ही जोडी घेऊ नये. तिथे पातळ, हलक्या लाकडी तलवारी लागतात; शिवाय त्या शाळेत दोन तलवारींचे ठरावीक सरावप्रकार अवघे पाच आहेत, तर एकट्या लांब तलवारीचे 12 आणि आखूड तलवारीचे सात. केंदोत नितो घेणाऱ्याने मात्र शिनाईबरोबर डाव्या मनगटाच्या भरभक्कम कोतेचाही (संरक्षक हातमोज्याचाही) खर्च धरावा, कारण या पवित्र्यात डावे मनगटही प्रतिस्पर्ध्याचे वैध लक्ष्य असते.