‘शाळा’: आधी कादंबरी, मग चित्रपट

मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ ही कादंबरी मौज प्रकाशनाने 2004 मध्ये प्रकाशित केली आणि सुजय डहाके यांनी तिच्यावर केलेला चित्रपट 2012 च्या जानेवारीत प्रदर्शित झाला. चित्रपटाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि अविनाश देशपांडे निगडी यांना आधारित पटकथेसाठीचाही. दोन्ही कलाकृती मला मनापासून आवडतात. तरीही नुकतीच कादंबरी पुन्हा वाचून लगेच चित्रपट पाहिला, तेव्हा त्यांच्यातले अंतर पूर्वी कधी जाणवले नव्हते इतके स्पष्ट दिसले.

आणीबाणीच्या काळात नववीत शिकणारा मुकुंद जोशी, त्याचे सुऱ्या, चित्रे आणि फावड्या हे तीन मित्र, बांधकाम अर्धवट राहिलेल्या इमारतीतला त्यांचा अड्डा आणि जोशीच्या मनात भरलेली वर्गातली शिरोडकर, एवढाच हा ऐवज आहे. कादंबरीचे सगळे बळ जोशीच्या निवेदनात आहे. मास्तरांबद्दलचे शेरे, ‘लाईन देण्या’ची मुलांची परिभाषा, मुलींचा उल्लेख केवळ आडनावाने करण्याची सवय आणि मधूनच मोठ्या माणसांच्या वागण्यावर केलेले अचूक निरीक्षण, हे सारे चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या तोंडी इतके सहज येते की त्यामागे एक प्रौढ लेखक आहे याचा विसर पडतो. शिरोडकरने एकदा मागे वळून पाहिले, तर त्यामागे काय असेल याचे किती हिशेब जोशी मनातल्या मनात मांडतो! त्या हिशेबांमध्ये आशा आहे, भीती आहे आणि स्वतःची समजूत घालण्याची धडपडही आहे.

हे मन पडद्यावर आणणे अवघड होते. दिग्दर्शकाने त्यासाठी शब्दांपेक्षा नजरेवर विश्वास ठेवला, आणि मुकुंदची भूमिका करणाऱ्या अंशुमन जोशीच्या चेहऱ्यावरचा संकोच व उत्सुकता पाहताना तो निर्णय योग्य वाटतो. मात्र जोशीची तल्लख, चिकित्सक बुद्धी चित्रपटात पुरेशी पोहोचत नाही. कादंबरीतला जोशी प्रेमात पडलेला असतानाही सतत विचार करत असतो. पडद्यावरचा जोशी त्या मानाने हळवा आणि अधिक साधा वाटतो.

याउलट शिरोडकरच्या बाबतीत चित्रपटाने मोठी भर घातली आहे. कादंबरीत ती आपल्याला केवळ जोशीच्या डोळ्यांनी दिसते, त्यामुळे ती खरोखर कशी आहे आणि त्याने मनात रचलेली किती, हे वेगळे काढता येत नाही. केतकी माटेगावकरने साकारलेली शिरोडकर मात्र जोशीच्या कल्पनेवर अवलंबून राहत नाही. तिच्या मोजक्या बोलण्यात आणि शांत पाहण्यात तिचे स्वतःचे मन जाणवते, आणि ते जाणवल्यावर कादंबरीतले तिचे प्रसंगही मी निराळ्या रीतीने वाचू लागलो. वडिलांच्या भूमिकेत नंदू माधव यांनी दाखवलेला समंजसपणा आणि नरूमामाच्या भूमिकेतला जितेंद्र जोशीचा मोकळेपणा यांमुळे घरातले प्रसंगही ऊबदार झाले आहेत. दिएगो रोमेरो यांच्या छायाचित्रणाचे कौतुक झाले ते रास्तच आहे, पण काही ठिकाणी ते दृश्यांना इतके देखणेपण देते की कादंबरीतल्या त्या धुळकट, निमशहरी वातावरणाचा खरखरीतपणा हरवतो.

माझी खरी तक्रार आहे ती चित्रे आणि फावड्या यांच्याबद्दल. वेगवेगळ्या परिस्थितीतल्या घरांमधून आलेली मुले एकाच बाकावर बसतात आणि शाळा त्यांना काही काळ तरी बरोबरीचे करते, हे कादंबरीत वाचकाच्या नकळत उमगत जाते. चित्रपटाच्या मर्यादित वेळात प्रेमकथेला अग्रक्रम मिळाल्याने हे दोघे मागे पडतात आणि मैत्रीचा हा धागा विरळ होतो.

त्याचा परिणाम शेवटावर होतो. शिरोडकर गाव सोडून जाते तेव्हा चित्रपट पाहताना मन तिच्यासाठी हळहळते. कादंबरी मिटताना मात्र तिच्याइतकीच निकालानंतर विस्कटलेली ती चौकडी आठवत राहते, म्हणून ज्यांनी यांपैकी काहीच अनुभवलेले नाही त्यांनी आधी पुस्तक हाती घ्यावे.