‘मेलेल्या नसा जिवंत करणाऱ्या’ मशीनपासून सावध राहा

माझ्या वडिलांना मधुमेह आहे. रात्री तळपायांची आग व्हायची, मुंग्या यायच्या. ‘पायांच्या नसांची मोफत तपासणी’ हा फलक वाचून ते आत गेले आणि गरम होणारं पायाचं मशीन आणि तेलाच्या बाटल्या घेऊन बाहेर पडले. विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं होतं, ‘जळजळ थांबली की समजा, नस जिवंत झाली.’

जळजळ थांबली. वडील खूश होते. मग एकदा मोज्याला डाग दिसला आणि टाचेवरचा भाजल्याचा फोड सापडला. मशीनने कातडी पोळली, तरी त्यांना पत्ताही लागला नव्हता.

सगळी फसवणूक विकणाऱ्याच्या त्या एका वाक्यात आहे. रक्तातली साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की सर्वांत लांब नसा (रक्तवाहिन्या नव्हे, जाणीव वाहून नेणारे मज्जातंतू) आधी बिघडतात, म्हणून त्रास पायाच्या बोटांपासून सुरू होतो. बिघडत चाललेली नस जळते, टोचते. आणखी बिघडली की तिला काही कळेनासं होतं. त्यामुळे आग आपोआप शमली, तर पाय बधिर तर झाला नाही ना, हे आधी पाहायला हवं. हे लोक तेच लक्षण बरं झाल्याचा पुरावा म्हणून विकतात. याचा मला फार राग आहे, कारण यात माणसाचा पाय जाऊ शकतो.

त्यांची तपासणीही बनावट होती. वडील डोळे उघडे ठेवून बघत होते आणि तो काडी टेकवून विचारत होता, ‘जाणवतंय ना आता?’ डॉक्टर 10 ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू वापरतात. रुग्णाने डोळे मिटायचे, कुठे आणि कधी टेकवला ते सांगायचं. मध्येच न टेकवताही विचारतात. कंपनाची जाणीव ट्यूनिंग फोर्कने, म्हणजे थरथरणाऱ्या धातूच्या दुकाट्याने पाहतात. आमच्या डॉक्टरांनी तसं केलं, तेव्हा अंगठा आणि चवड्यावर वडिलांना काहीच जाणवलं नाही.

मेलेली नस पुन्हा जिवंत करणारं मशीन किंवा तेल नाही. प्रीगाबालिन, ड्युलोक्सेटीनसारखी औषधं वेदना कमी करतात, नस दुरुस्त करत नाहीत. साखर ताब्यात ठेवली तर नुकसानाचा वेग कमी होतो. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी बरीच वर्षं चालू असेल तर बी12 जीवनसत्त्व तपासून घ्या; त्याच्या कमतरतेनेही मुंग्या येतात.

बधिर पायाला शेक नको, गरम पाण्याची पिशवी नको. पाणी कोपराने तपासा. तळवा रोज आरशात पाहा, बूट घालण्याआधी आत हात फिरवा, घरातही अनवाणी फिरू नका. कुरूप काढणाऱ्या पट्ट्यांमध्ये आम्ल असतं, त्या लावू नका. फोड किंवा जखम दिसली तर दुखत नसली तरी लगेच दाखवा.

पैसे परत मागायला गेलो तेव्हा पावती नीट वाचली. त्यावर फक्त ‘मसाजर’ लिहिलं होतं, उपचाराचा शब्दही नव्हता. तुमच्यापुढे कुणी असा दावा केला, तर तोच दावा पावतीवर सही-शिक्क्यासह लिहून मागा.