कुत्र्याचं घट्ट जॅकेट: मोत्याच्या कामी आलं

फटाका वाजला की आमचा मोत्या कुटाराच्या ढिगात तोंड खुपसतो. आवाजाचा बारीकपणा हर्ट्झमध्ये मोजतात; आपल्याला २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला साधारण ४५,०००; कसं सोसावं त्यानं? म्हणून अंगावरच्या दाबानं त्याला धीर यावा यासाठी छातीला घट्ट बसणारं हे जॅकेट ऑनलाइन मागवलं. लक्ष्मीपूजनाला अंधार पडायच्या आधीच चढवलं, बाहेरचा आवाज दबावा म्हणून आतल्या खोलीत कूलर लावला. थरथर बरीच कमी झाली, धाप मात्र राहिली. कापड मजबूत. पण वेलक्रोत कुटार अडकतं, अन् काढताना असा चर्रकन आवाज होतो की भेदरलेलं जनावर पुन्हा दचकतं. तिथं बटणं हवी होती. छातीचं माप घेऊनच मागवा. कुत्रं फारच घाबरत असेल तर दिवाळीआधीच पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. माणसाची गोळी त्याला देऊ नका.