प्लेट खरी, गिटार भलतीच

जपानमध्ये बनलेल्या फेंडर स्ट्रॅटोकास्टर, म्हणजे 'स्ट्रॅट' या इलेक्ट्रिक गिटारच्या मागे, नेक (मान) बॉडीला जोडणाऱ्या प्लेटवर 'जेव्ही' आणि पाच आकडे असा क्रमांक दिसला की घेणाऱ्याचं भान सुटतं. फसवणूक नेमकी तिथेच होते. ही प्लेट चार स्क्रूंवर बसते, पाच मिनिटांत निघते आणि सुटीही विकत मिळते.

जेव्ही मालिका मात्सुमोतोच्या फुजिगेन कारखान्यात १९८२ ते १९८४ दरम्यान बनली, म्हणून तिला भाव. १९८४–८७ च्या 'ई' मालिकेचा क्रमांक मात्र प्लेटवर नसतो. तो 'मेड इन जपान'सोबत नेकच्या मागे, बुडाशी डिकलवर (चिकटवलेल्या छापावर) असतो. ते डिकल खरवडायचं, वर लॅकर मारायचं आणि जेव्ही प्लेट लावायची, एवढंच काम.

अशा एका सौद्यात घेणाऱ्याने फक्त बाहेरचे फोटो पाहून पैसे भरले. नेक काढलेला एकही फोटो नव्हता. गिटार आल्यावर बुडाशी बोटभर जागा अंगठ्याला वेगळी लागली, अल्ट्राव्हायोलेट टॉर्चखाली तिथे निराळा पट्टा दिसला. जुन्या प्लेटची बॉडीवर उमटलेली कडही नव्या प्लेटशी जुळेना. विक्रेत्याचं म्हणणं, सेटअपसाठी (तारांची उंची वगैरे बसवायला) उघडली होती. खरवडलेल्या डिकलचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं.

म्हणून पैसे देण्याआधी नेक काढून बुडाचा, बॉडीतल्या नेकच्या खाचेचा आणि पिकगार्डखालचा (तारांखालच्या प्लास्टिकच्या पट्टीखालचा) फोटो मागा. स्वतः उघडत असाल तर आधी तारा पूर्ण सैल करा. स्क्रू जेआयएस (जपानी मानक) धाटणीचे असतात. साधा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर घसरतो आणि स्क्रूचं तोंड खातो. तोंड खाल्लेलं दिसलं म्हणून लगेच फसवणूक समजू नका, शिम (नेकखालची पातळ पट्टी) घालायलाही नेक काढतात. टोन आणि व्हॉल्यूमच्या पॉटवरचं (आतल्या फिरकीवरचं) सोल्डर मात्र नीट पाहा, पिकअप (तारांचा आवाज टिपणारे भाग) बदललेत का ते तिथे कळतं. मॉडेलच्या नावातला शेवटचा आकडा हजार येनांतली मूळ किंमत सांगतो: एसटी६२-६५ म्हणजे ६५,००० आणि एसटी६२-११५ म्हणजे १,१५,०००. ११५ मध्ये अमेरिकी पिकअप होते, त्यामुळे ६५ ला ११५ म्हणून खपवणारेही आहेत.

विक्रेते जुन्या जपानी गिटारला 'लॉसूट (खटल्यातली) गिटार' म्हणतात, त्या शब्दाला एक रुपयाही जास्त देऊ नका. हे नाव ज्यावरून आलं तो १९७७ चा दावा अमेरिकी गिटार कंपनी गिब्सनच्या मालक नॉर्लिनने जपानी ब्रँड आयबानेझच्या अमेरिकी वितरक एल्गरवर हेडस्टॉकच्या (नेकच्या वरच्या टोकाच्या) आकारासाठी लावला होता. जपानी स्ट्रॅटचा त्याच्याशी संबंध नाही.

जपानी लिलावात वर्णनात 'जंक' (भंगार) लिहिलं असेल, तर परतावा मिळणार नाही असं धरूनच बोली लावा.