टेलिफोनच्या तारेवरचा ब्रॉडबँड : गुहागरच्या घरातील दहा महिने

गेल्या कार्तिकात आम्ही गुहागरच्या घरातील टेलिफोनचे वायरिंग नव्याने करून घेतले. किनाऱ्यावरच्या तारेची खरी परीक्षा आषाढात होते, म्हणून संपूर्ण पावसाळा काढल्यानंतरच हा अनुभव लिहीत आहे.

पूर्वी बाहेरची तार ओटीवरच्या डब्यात येई, तेथून माजघरातल्या आणि माडीवरच्या फोनला फाटे जात आणि मॉडेम माडीवर अगदी शेवटच्या टोकाला होता. फोनची घंटा वाजली की इंटरनेट बंद पडे. कंपनीकडे चार वेळा तक्रार केली. दर वेळी ‘लाइन ठीक आहे’ हेच उत्तर आले. घराबाहेरच्या तारेपुरते ते खरेही होते. ओटीवरचा डबा उघडला, तेव्हा स्क्रूखालची तांब्याची तार कळंकाने हिरवी पडली होती आणि पुढचा जोड नुसता पीळ देऊन चिकटपट्टीत गुंडाळलेला होता.

एकाच तारेवर आवाज ३०० ते ३४०० हर्ट्झच्या पट्ट्यात जातो आणि एडीएसएलचा, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून येणाऱ्या ब्रॉडबँडचा, डेटा साधारण २५ किलोहर्ट्झच्या वर, एडीएसएल२+ ही त्याची पुढची आवृत्ती असल्यास २.२ मेगाहर्ट्झपर्यंत. फिल्टरशिवाय, म्हणजे डेटाचा पट्टा फोनपासून अडवणाऱ्या डबीशिवाय, लावलेला प्रत्येक फोन आणि मोकळा सोडलेला प्रत्येक फाटा या वरच्या पट्ट्यात अडथळा आणतो. म्हणून तार घरात शिरते तिथेच, ओटीवर, आवाज आणि डेटा वेगळे करणारा स्प्लिटर बसवला. त्याच्या मॉडेमच्या खाचेतून पिळाच्या जोडीची (एकमेकींभोवती पीळ दिलेल्या दोन तारांची) अखंड तार माडीवर नेली आणि दोन्ही फोन दुसऱ्या खाचेवर घेतले. जुनी सपाट तार पूर्ण काढून टाकली. बाहेरचा जोड जेल भरलेल्या कनेक्टरने केला आणि पागोळ्यांचे पाणी तारेवरून भिंतीत उतरू नये म्हणून भोकाच्या अलीकडे तारेला खाली झोळ दिला. हा झोळ कुणीही टाळू नये.

मॉडेमच्या पानावर एसएनआर मार्जिन (गोंगाट सोसण्याची लाइनची शिल्लक क्षमता; जास्त तितकी चांगली) पूर्वी ६ डेसिबल दिसे, ते आता १२ च्या आसपास असते. एक्सचेंजपासूनचे अंतर तेच असल्याने अ‍ॅटेन्युएशन (तारेत होणारी सिग्नलची घट) मात्र जवळपास जैसे थे आहे. जुलैत एकदा बाहेरच्या केबलमध्ये पाणी शिरून तीन दिवस सेवा गेली. त्या वेळी फोनमध्येही खरखर होती, त्यामुळे दोष घरातला नाही हे लगेच कळले. विजा चमकू लागल्या की मॉडेमची टेलिफोनची आणि विजेची, दोन्ही जोडण्या आम्ही काढतो.

भाद्रपदात डबा पुन्हा उघडला. पितळी स्क्रू अजून पिवळे आहेत. फक्त झाकणाच्या कडेला मुंग्यांनी माती भरली होती, ती काढून डबा बंद केला.